वाळ्याच्या ताटीमागचा पाहुणा

नागपूर, ६ मे १९६३

ती. सौ. शरयूताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. शिक्षकांचा वर्ग सुरू झाला. वसतिगृहातला पंखा फिरतो, वारा येत नाही.

मांडूळ तुझ्या दारात टाकून पळालो, असं तू म्हणशील. पण जळगाव जामोदला माझ्या शाळेला सुटीचं कुलूप. त्याच्याकडे पाहणार कोण? ज्या पोरांनी त्याला मारायला काठ्या उचलल्या, त्यांनीच नंतर चहाच्या खोक्याची पेटी करून दिली. शाळा उघडली की आधी ती पेटीपाशी येतील. त्यांना तो साप जिवंत दाखवायचा आहे. एवढंच माझं मागणं.

ऊन सांभाळ. पत्र्याखाली पेटी ठेवू नकोस, भाजून मरेल. आठवड्याला एक उंदीर पुरे. त्याला विष नसतं, हे सासूबाईंना पुन्हा सांग. आणि तुझा खोकला? भर उन्हाळ्यात खोकणारी तूच एक पाहिली.

लोभ आहेच, तो उन्हात आटू देऊ नये.

तुझा गोपाळ

अमडापूर, १४ मे

चि. गोपाळ यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी पेटीकडे पाठ केली. लोकाचे भाऊ बहिणीले लुगडं आणतात, हिच्या भावानं साप आणला, असं शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, की याले दोन तोंडं, मंग जेवू घालाव कोणत्या तोंडाले. तोंड एकच, दुसरी बोथट शेपटी, असं मी सांगितलं. पटलं नाही.

पण सुनेच्या माहेरचा पाहुणा ओसरीवर तापत ठेवायचा नाही, असं म्हणून त्यांनी पेटी मधल्या खोलीत वाळ्याच्या ताटीमागे नेली. या घरात त्याहून मानाची जागा नाही. ताटीवर दिवसभर पाणी मारतो. पेटीवर ओलं पोतं असतं, रेतीवरही शिंपडतो. माझं अंथरूणही लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात तिथंच असतं. सुनेनं होरपळू नये, हा त्यांचा नेम.

हे रोज पेटीला नमस्कार करून कचेरीत जातात. माझा खोकला आहे तसाच. मांडूळ शांत आहे.

आठवण ठेव, जेवत जा.

तुझी ताई

नागपूर, १९ मे

ती. सौ. ताईस सा. न.

पत्र वाचून हसलो. पुन्हा वाचलं आणि हसू गेलं. एवढ्या पत्रात उंदराचा उल्लेख नाही. नुसतं शांत आहे. ताई, बाबांच्या शेवटच्या आजारातही तू मला ते शांत आहेत असंच लिहिलं होतंस.

मी ऊन सांगितलं, ओल सांगायची राहिली. मांडूळ कोरड्या रेतीतलं. ओलीत त्याच्या पोटाला फोड येतात. गारठ्यात खाल्लेलं पचत नाही. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते, ती बाहेरून घ्यावी लागते. पेटी आजच तिथून काढ. वाळवलेली रेती भर. एक टोक सकाळच्या उन्हानं तापणाऱ्या भिंतीशी असू दे, दुसरं सावलीत. सावलीकडे एक खापर उपडं घाल आणि उथळ वाटीत पाणी ठेव. मग त्याला हलवू नकोस. केव्हा ऊब हवी, केव्हा गारवा, ते त्याचं त्याला कळतं. आपण फक्त दोन्ही ठेवायचं.

खरं काय ते लिही.

गोपाळ

अमडापूर, २४ मे

चि. गोपाळ यास आशीर्वाद.

खरं लिहिते. त्यानं उंदीर खाल्ला होता, आणि नंतर ओकून टाकला. पोटावर पाण्यानं भरलेले फोड आहेत. तू तिकडे एकटा, म्हणून कळवलं नाही.

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उठून पेटीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, की पाहुण्याले आपल्याच हातानं मारून राह्यलो होतो वं आपण. त्यांनी रेती स्वतः चाळली, परातीत घालून उन्हात वाळवली. फोडांना हळद लावू म्हणत होत्या, मी नको म्हटलं. पेटी ओसरीवर भिंतीशी ठेवली आहे, तू लिहिलंस तशी.

अजून ते हललेलं नाही.

ताई

नागपूर, ३० मे

ताई, वर्गात लक्ष नाही. जे असेल ते एका ओळीनं कळव.

गोपाळ

अमडापूर, १५ जून

चि. गोपाळ यास अनेक आशीर्वाद.

आधी तेच. जगलं.

फोड सुकले, मग त्यानं कात टाकली, आणि कातीबरोबर डागही बरेचसे गेले. त्यानंतर उंदीर खाल्ला. तो पोटात राहिला. खात्री झाल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं, म्हणून उशीर. रागावू नकोस. सकाळी ते भिंतीच्या टोकाला येऊन पडतं, ऊन चढलं की खापराखाली जातं. सासूबाई त्याचं येणं-जाणं पाहत बसतात. लेकाले बराबर समजते, असं म्हणतात. तोंडं किती, हा वाद मात्र मिटलेला नाही.

आणखी एक. परवा दुपारी मी ताटीमागे पडून खोकत होते. सासूबाई पेटीपाशी होत्या. तिथूनच त्यांनी मला विचारलं, की शरयू, तुले कुठं बरं वाटते झोपाले. हे मला इथं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी उठून बसले. मग म्हणाले, ओसरीवर, कोरड्यात. त्यांनी स्वतः माझं अंथरूण उचललं.

आता पेटीशेजारी झोपते. खोकला थांबला आहे.

मांडूळ न्यायला लवकर ये; पोरं वाट पाहत असतील. येताना या खेपेला लुगडं आण, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. माझंही.

माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई