एका दारात दोन स्वयंपाक

१४ मार्च, शनिवार

धाकटीस,

अनेक आशीर्वाद. थोरल्या जावेने धाकटीला तसं लिहायचं असतं म्हणून लिहिले, मनापासून दिलेत असा गैरसमज करून घेऊ नकोस. इकडचं सगळं ठीक. किती ठीक, ते तुला मधल्या भिंतीतून ऐकू येतंच. भाऊजींच्या हाती निरोप धाडणार होते, पण तो माणूस दोघींचं ऐकताना मान हलवतो आणि पोचवताना निम्मं गिळतो. म्हणून हा कागद तुझ्या दाराखालून सरकवते आहे. वाचून फाडलास तरी चालेल. आधी वाच.

तक्रार मी केलेली नाही. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी केली. तुझ्या शिलाई मशीनच्या घरघरीने त्यांची दुपारची झोप मोडते आणि तुझी गिऱ्हाइकं जिन्याखाली वाटेल तशा गाड्या लावतात. मला तक्रार करायची असती तर मी पालिकेत कशाला गेले असते? तुझ्या तोंडावर केली असती. चार वर्षं करतेच आहे.

नियम आता मलाही पाठ झालेत, कारण गुरुवारी तो तपासनीस माझ्याच खुर्चीत बसून ते वाचून दाखवत होता. घरातून धंदा करायचा तर बाहेर पाटी लावायची नाही. एका खोलीबाहेर पसरायचं नाही. एका वेळी एकच गिऱ्हाईक. आणि घरच्या माणसांखेरीज कोणी कामाला हात लावायचा नाही.

पाटी नाहीच. लोक जाड होतात, बारीक होतात, त्यावर तुझं चाललंय, त्याला पाटी कशाला लागते? दुसरं गिऱ्हाईक आलं तर ते माझ्या पुढच्या खोलीत बसतं, मी पाणी देते, कोणी विचारलं तर माझं पाहुणं. हे तू मला कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. बेल वाजते, तू टीप घालत असतेस, बाहेरचं दार दोघींचं एकच; मग उघडणार कोण? एकदा तू बाहेर असताना ती बँकेतली बाई पॅन्टची कंबर सैल करायला घेऊन आली. तुझा वेळ वाचावा म्हणून मी उसवून ठेवली. झालं! तेव्हापासून उसवायचे कपडे पिशवीत घालून माझ्या उंबऱ्यावर येऊन पडायला लागले. सोबत एक शब्द नाही. वर एका गिऱ्हाइकाला तू हसून म्हणालीस, "उसवण्यात आमच्या वहिनींचा हात कोणी धरणार नाही." मला ऐकू येतं, बाई. अजून कान शाबूत आहेत.

तर गुरुवारी तो आला तेव्हा मी खिडकीशी बसले होते. मांडीवर कोणाचा तरी कोट, हातात ब्लेड, पदरभर दोरे. आता मला पाहुणी कोण म्हणेल? त्याने मला विचारलंच नाही. परवाना तुझ्या नावावर, म्हणून तुला विचारलं, "या कोण?" भला माणूस होता. उत्तरही त्यानेच तुझ्या तोंडात घातलं, "घरच्याच ना? एकाच स्वयंपाकातल्या?" त्याचं पेन रकान्यावर टेकलेलं होतं. तुला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

आणि तू म्हणालीस, "नाही. त्यांचा स्वयंपाक वेगळा. त्या शेजारच्या."

शेजारच्या!

भाऊजींचं काम सुटल्यापासून तुमचं घर त्या मशीनवर चालतं. परवाना गेला तर पुढच्या महिन्यात काय कराल, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत. तरीही तू ते बोललीस. धंदा बुडाला तर बुडू दे, पण हिला घरची म्हणणार नाही! एवढा राग मलासुद्धा धरता आला नसता, आणि माझा राग तू पाहिलेला आहेस.

हो, वेगळं व्हा असं मीच म्हटलं होतं. हे जाऊन फार दिवस झाले नव्हते. यांना मीठ वर्ज्य, म्हणून सगळ्यांचंच अळणी करायचं माझ्या हाताला वळण पडलेलं. तू भरल्या ताटावर म्हणालीस, "वहिनी, आता तरी मीठ घाला. आता कोणासाठी अळणी?" भाऊजींचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "उद्यापासून तुमचं तुम्ही बघा." आणि तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी सकाळी नवी शेगडी घेऊन आलीस. माणूस रागाने बोलतं. तू एक दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं? मी त्या दिवशी चौघांच्या अंदाजाने भात टाकला होता. चौथा कोण, तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

असो. तपासनिसाने रकाना कोरा ठेवलाय. "सोमवारी परत येतो, नीट विचार करून सांगा," म्हणाला. मी काल पालिकेत जाऊन आले. आता मी काम सोडलं तरी उपयोग नाही. बाहेरची बाई कामाला ठेवली असं धरून परवाना रद्द होईल. एकत्र जेवणारे एकाच घरचे, एवढंच ते बघतात. रांगेत पाय मोडले माझे. तुझ्यासाठी गेले नव्हते. दुपारी हातात उसवायला काही नसलं की घर खायला उठतं, म्हणून गेले.

खोटं बोलणं मला जमत नाही, तुला तर मुळीच नाही. म्हणून उद्यापासून मी गॅस पेटवणार नाही. तुझ्याकडे जेवायला येईन. बोलावण्याची वाट बघणार नाही, कारण तू बोलावणार नाहीस. तू रांध, मी खाईन. नावं ठेवणार नाही असं वचन देत नाही. ताट वाढलं नाहीस तर भाऊजींच्या बाजूला तशीच बसून राहीन. मग त्यांना घास कसा जातो ते बघू.

सोमवारी तो आला की मी माझ्या जागी असेन, काम घेऊन. लपणार नाही, मध्ये बोलणारही नाही. उत्तर तुझं तू दे. पण गुरुवारी ते बोलताना तू तपासनिसाकडे बघत होतीस. या वेळी तेच म्हणायचं असेल तर माझ्याकडे बघून म्हण. तेवढं तुला जमलं, तर मी समजेन की चार वर्षं मी उगीचच भिंतीला कान लावून बसले होते.

सहीच्या वर जागा सोडली आहे. तिथे 'तुझी' लिहायचं की 'शेजारची', ते मला ठरवता येत नाही.



मोठी