बाईंनी पाय मागे घेतले तेव्हा

बाई, आज ऑफिसात माझं कौतुक झालं, आणि ते सांगायला तुमच्याइतकं गैरसोयीचं माणूस मला दुसरं आठवलं नाही. हिमायतनगरला दक्षिण विभागाची बैठक होती. मुंबईहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर माझा आलेख लावला. बऱ्या न होणाऱ्या जखमांवरचे नवे उपचार, म्हणजे ओलावा धरून ठेवणाऱ्या फोमच्या पट्ट्या, चांदीचा अंश असलेली ड्रेसिंगं, जखमेतला स्राव ओढून घेणारी यंत्रं. या सगळ्याची मागणी सर्वांत वेगाने वाढतेय ती आपल्याकडे. "तुमचा तेलंगणा म्हणजे रॉकेट आहे हो!" साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या, समोसे आले. अहवालात 'वाढीची कारणे' असा एक रकाना असतो. त्यात मी स्वतः लिहिलं आहे: मधुमेहाचा प्रसार, आणि रुग्णांचे दवाखान्यात उशिरा येणे. उशिरा येणारा रुग्ण हा आमच्या शास्त्रात शुभशकुन. जखम जितकी जुनी तितक्या पट्ट्या जास्त. हे वाक्य तुम्ही लाल शाईने खोडलं असतं, आणि त्यात व्याकरणाची एकही चूक नाही म्हणून आणखी चिडला असतात.

जामबागच्या शाळेत तुम्ही आम्हाला संस्कृत शिकवलंत आणि शाळा सुटली तरी आम्हाला सोडलं नाहीत. कॉलेजात गेल्यावरही दर शनिवारी सकाळी मलकपेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत आम्ही चार-पाच जण हजर. आधी तुमच्या पायांवर डोकं, मग चटई, मग पाठांतर. नुसती बोटं लावून कुणी भागवलं तर तुम्ही म्हणायचात, "का रे, शॉक बसतो का? नीट वाक. कण्याला गंज चढायचा वेळ अजून आहे." मी एम. ए. करून शिकवायचं ठरलं होतं. म्हणजे तुमचं ठरलं होतं. मी मात्र पट्ट्या विकणाऱ्या कंपनीत लागलो आणि ते सांगायला पेढे घेऊन आलो. तुम्ही खुर्चीत बसला आहात, गुडघ्यांपासून खाली चादर. मी वाकतो, आणि तुम्ही पाय झटकन खुर्चीखाली ओढून घेता.

"राहू दे. लांबूनच कर नमस्कार."

"का हो बाई?"

"विक्रेत्यांनी लांबूनच करायचा असतो. एवढी सुभाषितं पाठ केलीस, ती आता चिकटपट्टीवर छापणार म्हण की."

तुम्ही हसलात. मी नाही हसलो. पेढाही तुम्ही घेतला नाहीत. डबा काखेत मारून मी जिना उतरलो आणि रस्त्यावर येईपर्यंत माझा निकाल लिहून झाला होता: बाईंनी मला पायांपासून तोडलं. पुढचे पाच महिने दर शनिवारी मी मलकपेठ सोडून सगळीकडे गेलो. वरंगळ, करीमनगर, निझामाबाद. सर्जनांच्या दाराशी बॅग मांडीवर घेऊन बसायचो. बॅगेत पायांच्या जखमांचे फोटो, आणि फुकट वाटायला दिलेल्या नमुन्याच्या पट्ट्या.

तुमच्या शेजारणीने, सारी गल्ली जिला आपा म्हणायची तिने, मला शोधून काढलं तेव्हा तुमचा पाय गुडघ्याखाली कापून झाला होता आणि विष रक्तात गेलं होतं. हॉस्पिटलच्या जिन्यातच आपा माझ्यावर कडाडली. "इत्ते दिन कां थे तुम? चप्पल काटी, छाला हुआ, उसपे हल्दी लगाके बैठे! मैं रोज बोली, डाक्टर कने चलो. नक्को बोले. मेरे बच्चे इस पांव पे सर रखते, वो सड़ रा है बोलके कैसा बोलूं उनकू, बोले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वो पट्टीवाले कू बुलाऊं क्या, पूछी मैं. उसकू तो बिलकुल नक्को, बोले." आत गेलो तर तुम्ही डोळे उघडे ठेवून छताकडे पाहत होतात. मला ओळखलंत की नाही, ठाऊक नाही. चादर डाव्या बाजूला सपाट होती. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

ही हकिगत मी इतकी वर्षं लोकांना सांगत आलो आहे. गुरूने लाजेने पाय लपवले, शिष्याने तो अपमान समजला. ऐकणारे हळहळतात, बायकोचे तर पहिल्यांदा डोळे भरले होते. कामावर नवीन आलेल्यांना मी ती प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगतो आणि ते वहीत टिपून घेतात. सांगायला ती बरी पडते, कारण तिच्यात माझा अपराध फक्त अडाणीपणाचा आहे. हे पत्र कुठे पाठवायचं असतं तर मीही इथेच थांबलो असतो. पाठवायचं नाहीच, तर उरलेलं लिहितो. त्या शनिवारी मी नवखा होतो खरा, पण प्रशिक्षण म्हणून तीन आठवडे वॉर्डांत उभा राहून आलो होतो. वाकलो तेव्हा मला वास आला, बाई. कुजणाऱ्या जखमेचा वास एकदा कळला की दुसऱ्या कशाचा वाटत नाही. मी वर पाहिलं, तुम्ही विनोद केलात, आणि मला रागवायला कारण मिळालं. विचारण्यापेक्षा ते सोपं होतं.