चार बोटांची ताकद

ती. ताईस,

धाकट्याचा, म्हणजे मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या (सध्या तरी) प्रशिक्षकाचा, साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? भाऊजींचं घोरणं? आम्ही इकडे मजेत, निदान लोकांना तरी तसं वाटतंय.

हंगामाआधीच्या सरावात मुलींच्या पायांत ताकद आली नाही तर गच्छंती, असं आमच्या अध्यक्षांनी (पिठाची गिरणी आहे, माणसंही दळून काढतात) मला आधीच बजावलं होतं. तू (जन्मभर मुलींना खेळ शिकवलेली) म्हणालीस, कोवळ्या पोरी आहेत, उड्या बेताने घे, मधे विश्रांती दे. पण मी तुझं ऐकलं तर धाकटा कसला! जिने चढवले, बेडूकउड्या घेतल्या, एकमेकींना पाठुंगळी घेऊन पळवलं. आठवड्यात अख्खा संघ लंगडायला लागला. एकीला बाकावरून उठवायला दोघी लागायच्या (त्या दोघींना उठवायला मी).

आता मोजणी. बोटांना खडू लावायचा, उडी मारायची, भिंतीवर खूण करायची; सरावाच्या पहिल्या दिवशी एकदा, शेवटी एकदा. पहिल्या दिवशी सरावाच्या उद्घाटनाला अध्यक्षांनीही फीत कापायच्या ऐवजी अशीच उडी मारली होती. शेवटच्या मोजणीला कमिटी खुर्च्या टाकून बसली आणि काय सांगू ताई, जिला जांभई द्यायचं त्राण नव्हतं तिचीही खूण चार बोटं वर! हे बघून अध्यक्षांनी ढेरी सावरत उडी मारली. तेही चार बोटं वर! नुसत्या देखरेखीनेही स्नायू वाढतात, असं त्यांनी तिथल्या तिथे भाषणात सांगितलं आणि मला पुढच्या वर्षासाठी कायम केलं.

घरी येऊन चपला काढताना माझी ट्यूब पेटली. मधल्या काळात कमिटीने हॉलच्या फरशीवर लाकडी फळ्या ठोकून घेतल्या होत्या. जाडी चार बोटं. ज्यांनी ठोकून घेतल्या तेच टाळ्या वाजवत होते.

बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. सहज विचारतो, महिनाभर इकडे येतेस का? हवा छान आहे.

ता. क. २. हवा कसली डोंबलाची! मुलींना सगळं आधीच कळलं होतं. "सर, तुम्ही इतके खूश होता, बोलवेना," म्हणाल्या. फार लाज वाटली गं. सामन्यात जाळ्यापाशी त्यांचे हात पुरणार नाहीत आणि हसं त्यांचं होईल. मला खरंच शिकवता येत नाहीये. ये.

ता. क. ३. हे पत्र मी आपणहून लिहिलेलं नाही. ताईंना बोलवा, नाहीतर अध्यक्षांना आम्ही सांगतो, असं संघाने ठणकावलंय. पेटीत टाकायलाही सगळ्या बरोबर येताहेत. मी परत फिरेन म्हणे.