गाण्यातली रिकामी जागा

नेरे, मंगळवार, संध्याकाळ

बोटांना अजून गोंद चिकटलाय. अक्षर असंच येणार.

स्पीकरचे दोन्ही बॉक्स आज शेडमध्ये पुरे झाले. प्लायवुड मीच कापलं, सांधेही मीच बुजवले. खालचा आवाज नीट निघतो का बघायला आईची हळदीची गाणी लावली. वडील, म्हणजे आबा, होते तेव्हाची. ताईनं आईपुढं मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून ठेवलं आणि आई बुजू नये म्हणून स्वतः बाहेर निघून गेली, तेव्हा भरलेली.

एका गाण्यात आई ओळ विसरते आणि थांबते. मोबाइलवर किती वेळा ऐकलीय ती जागा. तिथं काही नसतं, नुसतं गप्प.

आज तिथं आबा बोलले.

खर्जातला, अगदी हळू आवाज. त्यांनी पुढची ओळ सांगितली आणि आईनं ती उचलली. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला तो आवाज कधी पेललाच नव्हता.

पण आबा? आमच्यादेखत तिनं नुसतं गुणगुणलं तरी "बास कर ते रडगाणं" म्हणणारे आबा? त्यांना बायकांची गाणी पाठ? ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून ती जागा परत लावली. परत तेच. तोच आवाज, तीच ओळ.

मागं वळलो तर आई दारात उभी, पदराला हात पुसत.

"आई, यात आबा बोलतायत."

"व्हय. मी अडले की त्येच सांगायचे." मग माझ्याकडं बघतच राहिली. "म्हंजी तुला ऐकूच येत नव्हतं? मला वाटायचं, त्येंच्या आवाजासाठीच लावतोयास सारखं."