कोपऱ्यावरची फक्की

गुरुवार, १२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र पोहोचलं. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्याकडेही तसंच असेल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. नसणार, हे मला ठाऊक आहे.

उत्तराला उशीर झाला. मुद्दाम केला नाही. आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं आहे आणि त्यात माझ्याकडे एक काम आलं आहे, त्यात सकाळ जाते.

बागेभोवतीचा रस्ता बदलताहेत. तू पाहिलेलाच आहेस. चार गाड्या शेजारी-शेजारी धावतील एवढा रुंद, आणि चालणाऱ्याला पाय टेकायला जागा नाही. फुटपाथ आहे म्हणायला, पण त्यावर आमच्या तळमजल्यावरच्या दंतवैद्यांच्या पेशंटांच्या स्कूटर. आता बागेच्या बाजूने सायकलींसाठी वेगळी पट्टी होणार. फाटकासमोर रस्ता ओलांडायला उंच पट्टा होणार. आणि आमच्या घराखालचा कोपरा पुढे आणून वळण आवळणार, म्हणजे वेग कमी केल्याशिवाय गाडी वळायचीच नाही. आधी सगळं रंग आणि कुंड्या वापरून करून बघायचं, जमलं तर मग दगड-सिमेंट. ही पद्धत मला पसंत आहे. आधी थोड्यावर करून बघावं, मग हात मोठा करावा.

काम बघणारी इंजिनिअर तुझ्या मुलाच्याच वयाची आहे. गल्लीने तिला ‘रस्तेवाली’ म्हणायला सुरुवात केली आणि तीही आता फोनवर तेच नाव सांगते. एका सकाळी ती वर आली आणि म्हणाली, तुमच्या बाल्कनीतून कोपरा अख्खा दिसतो, मला फोटो काढून द्याल का. खाली कोपऱ्यावर ती फक्की पसरणार होती, खेळाच्या मैदानावर रेघा मारतात ना, ती पांढरी पूड. गाड्या जिथून जातात तिथली पूड उडते, जिथून जात नाहीत तिथली तशीच राहते. म्हणजे गाड्यांना खरोखर किती रस्ता लागतो ते कळतं. पाण्याच्या प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढलेल्या बाईला याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी सगळंच मुसळ केरात. बागेच्या माळ्याला वाटलं मुंग्यांची पावडर आहे, लहान मुलं खेळतात, म्हणून त्याने नळी लावून कोपरा धुऊन काढला. वर येऊन मला सांगितलंही, बाई, काळजी करू नका, सगळं साफ केलंय. रस्तेवाली डोक्याला हात लावून बसली. दुसऱ्या दिवशी माळ्यालाच पहाऱ्याला बसवलं.

मग दंतवैद्यांच्या वेटिंग रूममध्ये रहिवाशांची सभा झाली. स्कूटर लावायची जागा जाणार म्हणून दंतवैद्य तापले होते. दात ठणकत असलेला माणूस मागच्या गल्लीत गाडी लावून एवढं चालत येणार कसा, हा त्यांचा सवाल. मी म्हटलं, दात तोंडात असतो, पायात नाही. लोक हसले, पण लगेच गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले, की ही हसवते कशी. हल्ली सगळे माझ्याशी असेच वागतात. काचेचं भांडं हातात घ्यावं तसे बोलतात. एकाने उठून सुचवलं की फाटकासमोरच्या पट्ट्याला आमच्या ह्यांचं नाव द्यावं. मी सांगितलं, नाव नको, तिथे दिवा लावा.

तू विचारलं आहेस, माझी तब्येत कशी आहे. चांगली आहे. झोप लागते. जेवण जातं. दाताचं इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं आहे. ते औषध उतरतं, हे उतरत नाही, एवढाच फरक. लोकांना वाटतं मी मोठी धीराची. धीराला काहीतरी सोसायला लागतं. मला काही होतच नाही.

फक्कीचे फोटो मी तीन दिवस काढले. वरून बघितल्यावर मधला मोठा भाग पांढराच्या पांढरा, त्याला कुणी शिवलेलंसुद्धा नाही. रस्तेवालीचं म्हणणं त्याने सिद्ध झालं. गाड्यांना एवढा रस्ता लागतच नाही, कोपरा खुशाल पुढे आणता येईल. पण कडेला, फुटपाथच्या दगडाला घासून, एक काळी पट्टी उमटली होती. सगळ्यांच्या चाकांची. दूधवाल्याची, शाळेच्या बसची, दंतवैद्यांच्या गाडीची. एवढा रस्ता मोकळा पडलेला असताना प्रत्येक जण वळताना कोपरा कापत होता. रुंद रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो आणि गाडी आपोआप आत येते, असं रस्तेवालीने मला सांगितलं. फोटो बघता बघता ती बोलून गेली, “इथे आजवर कुणाला लागलं कसं नाही, याचंच नवल.”

मी म्हटलं, “लागलं आहे.”

तिला नेमकी जागा माहीत नव्हती. तिचा चेहरा पडला. मी तिला पाणी दिलं.

ती गेल्यावर मी खाली गेले आणि हे उभे होते तिथे जाऊन उभी राहिले. काही होतंय का ते बघायला. काही झालं नाही. चपलांना पूड लागली, ती घरी येऊन पुसली.

आता तुझ्या पत्राकडे येते. तू लिहिलं आहेस, “ताई, भावजी रस्त्यावर उतरले होते एवढंच कोर्टात सांग. त्यात खोटं काय आहे?”

खोटं काही नाही. ते डांबरावरच उभे होते. फुटपाथवर स्कूटर होत्या, त्यामुळे बागेत जाणारा प्रत्येक जण तिथेच उभा राहतो, मीही राहते. पण ते उभे होते, धाकटे. चालत नव्हते, धावत नव्हते, कुठे बघत होते त्याचं भान सुटलेलं नव्हतं. बाल्कनीतून मला दिसत होते. तू स्वयंपाकघरातून हाक मारलीस, साखर कुठे आहे म्हणून, आणि मी आत वळले. यात तुला बोल लावत नाही. चहा करताना माणूस साखर विचारतोच. घडलं तसं लिहिते आहे. त्यांना उभं असलेलं शेवटचं मी पाहिलं, आणि दुसरं पाहणारं कुणी नव्हतं, असं तुझा वकील धरून चालला आहे.

मी नोकरीत असताना नमुन्याची बाटली अर्धी भरून आणणाऱ्याला परत पाठवत असे. अर्ध्या बाटलीतलं पाणीही खरंच असतं. पण त्यावर मी सही करत नसे.

एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही, मी टाळली. या पत्रात रस्त्याबद्दल इतकं लिहिलं ते त्यासाठीच, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

गेल्या आठवड्यात तुझा मुलगा माझ्याकडे आला होता. तुला सांगितलं नसणार. तुमच्या घरापासून चालत आला. दार उघडलं तर म्हणाला, आत येऊ का. या घरात त्याने हे कधी विचारलं नव्हतं. मी बाजूला झाले. ह्यांच्या खुर्चीत बसला नाही, जमिनीवर बसला, भिंतीला टेकून. मीच म्हटलं, बोलायचं असेल तर बोल, नाहीतर पान वाढते.

तेव्हा म्हणाला, “मावशी, काकांनी मला हात केला होता.”

मी त्याच्यासमोर खाली बसले.

“मला ते लांबून दिसले होते. त्यांनी गाडी ओळखली, हसले, हात केला. मग मीपण केला. एकाच हाताने वळवत होतो.” मग थांबून म्हणाला, “वकील म्हणतात, हे तोंडातून काढायचं नाही. आई म्हणते, मावशी सांभाळून घेईल. तू सांभाळून घेऊ नकोस.”

मला तेव्हा कळलं. त्या सकाळी तुला आमच्याकडून न्यायला तो येणार होता, हे ह्यांना माहीत होतं. गाडी दिसली की मागे सरायची ह्यांची सवय तुला ठाऊक आहे, आपण दोघी त्यावरून त्यांना चिडवायचो, की सायकल आली तरी हे भिंतीत शिरतात. परकी गाडी असती तर हे स्कूटरींना चिकटले असते. घरची गाडी, म्हणून सरले नाहीत. आणि समोर घरचं माणूस, म्हणून त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला. दोघांनी एकमेकांना ओळखलं नसतं, तर हे बागेत फिरून घरी आले असते.

मी त्याला रागावले नाही. जवळही घेतलं नाही. माफ केलं म्हणावं तर तसं काही आतून आलं नाही, आणि शाप द्यावा तर तोही आला नाही. भाजी गरम केली आणि पान वाढलं. तू लिहितेस, तो घरी घासाला शिवत नाही. इथे पोटभर जेवला. का जेवला, त्याचा तू विचार कर.

तर माझं उत्तर असं. मला विचारतील ते मी सगळं सांगेन. ते डांबरावर उभे होते, हेही सांगेन. फुटपाथ अडवलेला होता, म्हणून उभे होते, हेही. ते हलले नव्हते, हेही. त्या कोपऱ्यावर सगळ्याच गाड्या तशा वळतात, आणि त्याचे फोटो मी स्वतः काढले आहेत, हेही सांगेन. त्याचा तुझ्या मुलाला काही उपयोग झाला तर होऊ दे, मला त्याचं वाईट वाटणार नाही. पण हात केल्याचं मी सांगणार नाही. ते मी पाहिलेलं नाही. ते त्याचं आहे, त्यालाच सांगायचं आहे, आणि तू त्याचं तोंड दाबून धरू नकोस. त्याला शिक्षा झाली तर तू मला दोष देशील. दे. या वयात मला तो पेलेल. हे पोटात ठेवून तो मोकळा फिरला, तर त्याला ते पेलायचं नाही.

तू आई आहेस, मला मूल नाही, तेव्हा मला काय कळणार, असं तू फोनवर म्हणाली होतीस, आणि मी फोन ठेवला होता. त्यानंतर आपण बोललो नाही. तुझं म्हणणं खरं असेल. पण तो पाळण्यात असल्यापासून मीही त्याला पाहिलं आहे, आणि हे तर त्याला बघून हात वर करताना गेले.

तारीख सव्वीसची आहे. मी वेळेवर येईन. खोलीबाहेर एकच बाक आहे, असं सरकारी वकिलीण म्हणाली. तू माझ्याशेजारी बसलीस तर मी जागा देईन. उभीच राहिलीस, तरी आत जाऊन सांगायचं तेच सांगेन, आणि बाहेर आल्यावर तू तिथे असशील तर तुझ्याबरोबर घरी येईन.

त्याला आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. जेवायला ये म्हणावं, एवढं लिहिते.

तुझीच, अजून तरी,
ताई