साहेबांसाठी अंथरलेली गोधडी

नवलाख उंबरे,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुझा खोकला गेला का? सूनबाई रुपालीची कंबर कशी आहे? चैतालीचा दात हलत होता, पडला का? माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, त्याला दुसरं काम नाही. भात झोडून झालं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो.

परवा शालूबाई भांडायलाच आली, कंपनीच्या कात्रणाच्या गोधड्या शिवणाऱ्या बायांच्या वतीने. "भाऊ, तेच तुकडं, काल कचरा आन् आज कापड, आसं कसं वो?" कंपनीत कात्रणाचे कागद तू बघायचास, तेव्हा मला समजावलं होतंस, तसंच तिला सांगितलं. माल परदेशी जातो म्हणून कंपनीचं कापड ड्युटी न भरता येतं. कात्रण बाहेर विकलं की त्यावर कस्टमची ड्युटी. कचऱ्याच्या भावाने थोडी, कापडाच्या भावाने लय. ती परवडेना, म्हणून कंपनी आता परवानगी काढून कात्रणाचा भुगा करते. मग काहीच भरावं लागत नाही.

"म्हंजी आमा बायांच्या सुया बी भुग्यातच गेल्या की," म्हणाली.

सुहास, कस्टमच्या साहेबांना चहाला तूच घरी आणलंस. पाहुणा आला की आपल्यात बाजेवर चांगली गोधडी अंथरतात, तशी तुझ्या आईने अंथरली. साहेबांनी हात फिरवून विचारलं, तशी ती हरखली. "हितल्याच कंपनीच्या कात्रनाची हाय, साहेब. लोणावळ्यात मुंबईची मान्सं तीन-तीन हजाराला नेत्यात!" साहेबांनी त्यांचं काम केलं, कात्रणाला कचऱ्याऐवजी कापड ठरवलं. तिने खरं सांगितलं. तू मात्र सगळ्या बायांसमोर म्हणालास, "आई, तुझ्या तोंडानं गावाचं काम घालवलं." आणि बिऱ्हाड चाकणला हलवलंस.

तेव्हापासून तिने गोधड्या ट्रंकेत घातल्या. आल्यागेल्याला उघड्या बाजेवर बसवते. कुणी काही विचारलं की आधी माझ्याकडे बघते, बोलू का म्हणून.

वर सगळ्यांचं विचारलं, तिचं काही लिहिलं नाही. पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. ती म्हणते, "त्याला कळवू नगा, त्याचे खाडे पडतील."

यायला जमलं तर ये. राग असेल तर माझ्याशी बोलू नकोस. येणंच जमत नसेल तर तिच्या नावाने एक ओळ लिही, की आई, तू खरं तेच बोललीस. मी तिला मोठ्याने वाचून दाखवीन. कान अजून शाबूत आहेत तिचे.

लवकर लिही, बाळा. फार लवकर लिही.

तुझा,
आबा