मधल्या मजल्यावरचं नेट

प्रिय रविना,

हे पत्र तुला पाठवलेल्या डब्यात नागलीच्या पिठाखाली ठेवलंय. तुझ्या सासरी नागलीला दुसरं कोणी हात लावत नाही, म्हणून तुझ्याच हाती लागेल. फोनवर बोलावं तर तुझ्या सासूबाई स्पीकर लावायला सांगतात आणि आपण दोघी पावसापाण्याचं बोलून ठेवून देतो.

घर झालं. खाली आम्ही दोघं, वर दोन मजले, रंगाचा वास अजून गेलेला नाही. एसटीतून निवृत्त झाल्यापासून तुझे बाबा घराशिवाय दुसरं काही बोलत नव्हते; आता माझ्यामुळे नेटशिवाय बोलत नाहीत. हो, हे खूळ माझंच. दिवाळीला जावई हसत म्हणाले होते ना, रविनाची नोकरी घरबसल्या असली म्हणून काय झालं, तुमच्या जंगलात नेट कुठलं, चार दिवस इथे राहिली तर कंपनी काढून टाकेल. सगळे हसले. तू हसली नाहीस, बाही मनगटापर्यंत ओढून घेतलीस. तेव्हाच मी पदराला गाठ मारली.

पहिला घोळ बाबांनी घातला. फायबरवाला आला तसा त्यांनी राउटर थेट गच्चीच्या जिन्याच्या माथ्यावर ठोकून घेतला. का, तर रेंज उंचावरच असते! जन्मभर फोन घेऊन टेकडी चढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? गच्चीवर कावळ्यांची सोय झाली, आणि स्वयंपाकघरात माझ्या फोनवर नुसतं चाक फिरत राहिलं. मग जव्हारला गेलो. दुकानदाराने आठ अँटेनांची शिंगं असलेला राउटर पुढे केला, हा एकच लावा, तिन्ही मजले भरून जातील म्हणाला. मी विचारलं, मधे दोन स्लॅब आहेत, भरले नाहीत तर परत घेशील का? तो छताकडे बघायला लागला. शेवटी मोखाड्याच्या केबलवाल्या चंद्राला बोलावलं. त्याने सरळ सांगितलं, मावशे, शिंगं कितीबी असूं दे, स्लॅब नेट खातो. राउटर मधल्या मजल्यावर ठेवा, तिथून पाइपातून एक वायर वर, एक खाली, आणि दोन्हीकडे एकेक छोटा डबा. मला पटलं. लाइट जाते म्हणून राउटरला वेगळी बॅटरीही घेतली.

तुझा सोम्याकाका तेव्हा ओट्यावर बसलेला. म्हणाला, "वयनी, मधल्या माळ्यावर कोन राहनार? चिमन्यांना नेट देतेस का?" मी म्हटलं, देते, तुझं काय जातं? मग त्याचा सूर बदलला. दिलेली पोर परत आली की लोक नावं ठेवतात, म्हणाला. मला असा राग आला! आपल्यात लेकीचं पटलं नाही तर लग्नात मुलाकडून घेतलेलं देज परत करून तिला घरी आणायचे, पंचांसमोर, उजळ माथ्याने. माझ्या आत्याला तसंच आणलं होतं. हे शहरातलं नाक आपण कधी लावून घेतलं? त्याला तसंच तोंडावर सांगितलं. चहा अर्धा टाकून गेला. जाऊ दे, ज्याचं जळतं त्याला कळतं.

काल शेजारच्या सुषमाचा लॅपटॉप मागून आणला. तिला मधल्या मजल्यावर, डोंगराकडच्या खोलीत बसवलं आणि तिच्या भावाशी व्हिडिओवर बोलायला लावलं. मुद्दाम मेन स्विच बंद केला. बोलणं तुटलं नाही. मी दारात उभी राहून रडले, आणि बाबा मला सांगत होते की सिमेंटची धूळ डोळ्यात गेली असेल.

त्या खोलीत टेबल आहे, खुर्ची आहे, आतून लावायची कडी आहे. राउटर त्याच भिंतीवर आहे. जंगलात नेट नाही, हे कारण आता संपलं. रविवारी बाबा येतील, नवं घर दाखवायला नेतो म्हणतील. लॅपटॉप, चार्जर आणि तुझे दाखले तेवढे पिशवीत घे. भांडीकुंडी, दागिने, सगळं त्यांना राहू दे. कोणी विचारलं तर खुशाल सांग, आईने बोलावलंय. दिल्या घरी सुखी राहा म्हणतात. सुख नसेल तिथे राहायचं नाही.

तुझी वाट बघणारी,
तुझीच आई